दोन चांगले सेन्सर बदलून झाले, गाडी तशीच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहन पुरवणीत मागच्या आठवड्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं आली होती, त्यात एकाने विचारलं होतं की चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅन केलं तर इंजिनच्या प्रेशर सेन्सरचा कोड येतोय, आता काय करू. उत्तर दीड ओळीचं होतं. सेन्सर खराब झालाय, नवीन बसवा, गाडी चालवायला हरकत नाही. मी गाड्यांच्या वायरिंगचं आणि स्कॅनिंगचं काम करतो, केस पिकले त्यात, आणि ही दीड ओळ वाचून पेपर खाली ठेवला, परत उचलला, परत वाचली. लिहिणाऱ्यांचा अपमान करायचा नाही, जागा कमी असते हे मला कळतं, पण हे उत्तर कापून खिशात ठेवणारे लोक असतात हो, आणि त्यातला एखादा लाल दिवा लागलेला असताना "हरकत नाही" म्हणत गाडी दामटत नेईल, म्हणून हे पत्र. लांबलंय, माफ करा, कापायचं तिथे कापा, फक्त ऑइलचा भाग कापू नका.

पहिली गोष्ट म्हणजे कुठला प्रेशर सेन्सर? विचारणाऱ्याने सांगितलं नाही आणि उत्तर देणाऱ्याने विचारलं नाही. इंजिनात प्रेशर मोजणारी वस्तू काय एकच असते का. इनटेक मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या, हवेचं प्रेशर मोजणारा एक, त्याला आम्ही मॅप सेन्सर म्हणतो, गाडीने पेट्रोल किती सोडायचं हे बऱ्याच गाड्यांमध्ये त्याच्यावर ठरतं. ऑइलचं प्रेशर सांगणारा दुसरा. इंजेक्टरच्या रेलमधल्या, म्हणजे इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या जाड नळीतल्या, डिझेलचं किंवा पेट्रोलचं प्रेशर मोजणारा तिसरा. टर्बो असेल तर बूस्टचा, म्हणजे टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा, वेगळा असू शकतो. मॅप बिघडला तर गाडी त्रास देते, ॲव्हरेज पडतं, काळा धूर मारते, सिग्नलला उभी असताना हुंदके देते नाहीतर बंद पडते, पण इंजिन लगेच जात नाही, दोन दिवस शांतपणे शोधायला वेळ असतो. ऑइलचं प्रेशर खरोखर गेलं असेल तर वेळ मिनिटांत मोजायचा असतो. ह्या दोघांना एकच उत्तर कसं चालेल?

आता कोडबद्दल. लोकांना वाटतं स्कॅनर लावला की तो खराब पार्टचं नाव सांगतो. तो असं काही सांगत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला एका वायरीवर जेवढे व्होल्ट अपेक्षित होते तेवढे दिसले नाहीत, एवढंच तो बहुतेक वेळा सांगतो. मॅपचे कोड पी०१०५ पासून पी०१०९ पर्यंत आहेत, त्यात पी०१०७ म्हणजे सिग्नल फार खाली, पी०१०८ म्हणजे फार वर, आणि पी०१०६ म्हणजे सिग्नल येतोय पण बाकीच्या आकड्यांशी जुळत नाहीये. ऑइलचे पी०५२० ते पी०५२४. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जी पोरं पटकन विसरतात, पी०५२२ म्हणजे ऑइल सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी आणि पी०५२४ म्हणजे ऑइलचं प्रेशरच कमी. आकड्यात दोनाचा फरक, पण पहिल्यात आधी वायर बघायची आणि दुसऱ्यात आधी चावी बंद करायची. रेलच्या प्रेशरचे पी०१९० ते पी०१९४. तर ज्याला "प्रेशर सेन्सरचा कोड" आलाय त्याने निदान तो आकडा कागदावर उतरवावा, आणि कुणीही "कोड उडवून (पुसून) बघू" म्हणालं तर त्याचा हात धरावा. कोड उडवला की त्याच्याबरोबर फ्रीझ फ्रेम पण जाते. तो दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती फेरे फिरत होतं, लोड किती होता ह्याची नोंद त्यात असते आणि अर्धं निदान तिथेच होतं. पुसून टाकल्यावर मग आम्ही बसतो, दिवा परत लागायची वाट बघत.

एक किस्सा सांगतो, कारण त्याशिवाय हे पटायचं नाही. पेट्रोलवरची गाडी, चालवणाऱ्या बाई स्वतः घेऊन आल्या, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत दोन मॅप सेन्सर. म्हणाल्या, दादा हे दोन बदलून झालेत, तिसरा आत बसलाय, आणि आता गॅरेजवाले म्हणतात कॉम्प्युटर गेला. तक्रार अशी की सकाळी गाडी छान चालते, अर्धापाऊण तास झाला की मधेच दम सोडते, कधी बंद पडते, थोडं थांबलं की परत चालू. कोड प्रत्येक वेळी पी०१०७. प्रत्येक वेळी सेन्सर बदलला, कोड उडवला, गाडी थंड होती म्हणून चांगली चालली, झालं काम म्हणून बिल केलं. दुसऱ्या दिवशी परत तेच.

मी कनेक्टर काढून मीटर लावला. मॅपला साधारण तीन वायरी असतात, एक पाच व्होल्टची, एक अर्थिंगची (आम्ही नुसतं अर्थ म्हणतो) आणि एक सिग्नल, आणि ज्यात हवेचं तापमान पण मोजतात त्यात चौथी. चावी ऑन, इंजिन बंद. पाच व्होल्टच्या वायरीवर ५.०१. अर्थ चांगली. सिग्नल पण शहाण्यासारखा. सगळं बरोबर, आणि मी पण फसणारच होतो, कारण मीटर खोटं बोलत नाही असं आपल्याला वाटतं, पण मीटर आत्ताचं सांगतो, पाऊण तासानंतरचं नाही. बाईंना म्हटलं बसा थोड्या. कनेक्टर परत लावला, मागच्या बाजूने पातळ पिन सारून मीटर तसाच जोडून ठेवला, गाडी चालू ठेवली, बोनेट उघडं. रेडिएटरचा फॅन दोनदा लागला, तिसऱ्यांदा लागायच्या बेताला होता आणि मीटरवर ५.०१ चे २.८ झाले, मग १.१, मग ०.७, आणि इंजिन हुंदका देऊन बंद. मॅप सेन्सरचा कनेक्टर काढला. तरी ०.७ च. म्हणजे पाच व्होल्ट खाणारा हा नाहीच!

बहुतेक गाड्यांमध्ये ती पाच व्होल्टची लाइन एकट्या मॅपची नसते, तीच लाइन आणखी दोनचार सेन्सरना गेलेली असते. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे व्होल्ट खाली ओढतो, आणि कॉम्प्युटर बोंब मारतो ती ज्याच्यावर इंजिन चालतं त्याच्या नावाने. मग मी एकेक कनेक्टर काढत गेलो, डोळा मीटरवर. एक काढला, काही नाही. दुसरा काढला, काही नाही. पुढे कंडेन्सरच्या बाजूला एसीच्या गॅसचं प्रेशर मोजणारा सेन्सर होता, त्याचा कनेक्टर ओढला आणि मीटर टुणकन ५.० वर. म्हणजे प्रेशर सेन्सरच खराब होता, फक्त इंजिनाचा नव्हता. गंमत अशी की स्कॅनरमध्ये मॅपच्या खाली एसीच्या प्रेशरचा पण एक कोड होता, आधीच्यांनी ती एसीची वेगळी भानगड म्हणून सोडून दिला होता. एकापेक्षा जास्त सेन्सरचे कोड एकदम आले तर सगळे सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत हो, त्यांचं सामाईक काय आहे ते बघायचं, पाच व्होल्टची लाइन, अर्थ, नाहीतर एकच जॉइंट.

पिशवीतले दोन्ही सेन्सर मी नंतर हातपंपावर, म्हणजे हाताने व्हॅक्यूम करायच्या छोट्या पंपावर, लावून बघितले. दोन्ही ठणठणीत.

आता ज्याला स्वतःला थोडं बघायचंय त्याच्यासाठी, किंवा निदान मेकॅनिकला चार प्रश्न विचारायचेत त्याच्यासाठी सांगतो. मॅप सेन्सर तपासायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे इंजिन चालू करायच्या आधी. चावी ऑन करा, स्टार्टर मारू नका, आणि स्कॅनरवर किंवा मोबाइलच्या ॲपवर लाइव्ह डेटामध्ये मॅपचा आकडा बघा. इंजिन फिरत नाहीये म्हणजे मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा आहे, म्हणजे समुद्रसपाटीला तो १०० किलोपास्कलच्या आसपास दाखवायला हवा. उंचावर कमी, हजार मीटरवर ९० च्या आसपास, दोन हजारावर ८० च्या आसपास. इथेच जर तो ६० नाहीतर १२० दाखवत असेल तर इंजिनाचा काही संबंधच नाही, सेन्सर नाहीतर त्याची वायर, दोनातलं एक. ह्यात एक खड्डा आहे, लोक मोबाइलमधल्या हवामानाच्या ॲपवरचं प्रेशर बघून ताळा करतात. ते ॲप जो आकडा दाखवतं तो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो, म्हणजे तुम्ही सहाशे मीटरवर उभे असलात तरी ते १०१३ (हेक्टोपास्कल, म्हणजे १०१.३ किलोपास्कल) दाखवेल आणि गाडी ९४ दाखवेल, आणि तुम्ही बिचाऱ्या सेन्सरला दोष द्याल. शेजारी उभ्या दुसऱ्या गाडीशी ताळा करा, ते बरं.

मग इंजिन चालू करा. पेट्रोल गाडी, गरम, एसी बंद, आयडलला, म्हणजे रेस न देता उभी, तर आकडा ३० ते ४० च्या दरम्यान यायला हवा, कारण थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद आहे आणि पिस्टन हवा ओढतायत म्हणून आत व्हॅक्यूम तयार होतो. झटकन रेस द्या, आकडा उडी मारून बाहेरच्या हवेच्या जवळ जातो, पाय सोडा, क्षणभर आयडलच्याही खाली २०-२५ पर्यंत जातो आणि मग परत जागेवर. ही उडी चटकन व्हायला हवी. आळस दिल्यासारखा आकडा हळूहळू चढत असेल तर सेन्सरच्या तोंडाशी कचरा असतो, किंवा ज्या गाडीत सेन्सर लांब बसवून रबरी नळीने जोडलेला असतो तिथे नळी पिचकलेली, तडकलेली, तेलाने भरलेली. नळी बदलली की सेन्सर बरा होतो, आणि तो बिघडलेला नव्हताच.

डिझेलवाल्यांनी वरचा परिच्छेद वाचून घाबरायचं नाही. डिझेलमध्ये आयडलला मॅपचा आकडा बाहेरच्या हवेच्या जवळपासच असतो, कारण तिथे हवा पेट्रोलसारखी थ्रॉटलने अडवत नाहीत. माझ्याकडे एक काका मोबाइलला जोडायचा नवीन स्कॅनर, डोंगल म्हणतात तो, घेऊन आले होते, जिथे तिथे वाचलेलं की आयडलला ३५ हवा आणि ह्यांच्या गाडीत ९८, म्हणून रात्रभर झोप नाही. गाडी एकदम छान होती. डिझेलमध्ये खरा त्रास वेगळा असतो, ईजीआरची, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेची, काजळी आणि इनटेकमध्ये येणारी तेलाची वाफ एकत्र होऊन सेन्सरच्या टोकावर काळी पेस्ट जमते आणि भोक बुजतं. काढून साफ केला की बऱ्याचदा चालतो. साफ करताना आत तार किंवा टूथपिक घालू नका, आतला पडदा सिलिकॉनचा असतो आणि केसासारखा पातळ, तो दाबाने किंचित वाकतो तेवढ्यावर सगळं मोजमाप चालतं, टोचलात की संपला. सेन्सरला चालणारा क्लीनर मारायचा, उडून जाऊ द्यायचा, वाळल्यावर बसवायचा, ओ-रिंग फाटली असेल तर नवीन. फाटक्या ओ-रिंगमधून हवा येते आणि मग तोच कोड परत येतो, ते वेगळंच.

आता माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणारी केस. चावी ऑन केल्यावर आकडा बरोबर, पण आयडलला पेट्रोल गाडीत ५५-६०. सगळे म्हणतात सेन्सर चुकीचं दाखवतोय. जुन्या पद्धतीचा काट्याचा व्हॅक्यूम गेज लावा मॅनिफोल्डला. चांगलं इंजिन समुद्रसपाटीला १८ ते २२ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दाखवतं, उंचावर त्यापेक्षा थोडं कमी. हिशोब सोपा आहे, २० इंच म्हणजे साधारण ६८ किलोपास्कल, १०१ मधून ६८ गेले की ३३, तोच आकडा सेन्सरने दाखवायला हवा. गेज जर १२-१३ दाखवत असेल तर सेन्सर खरं बोलतोय आणि इंजिनच आजारी आहे, कुठेतरी हवा लीक आहे, टायमिंगची चेन किंवा पट्टा एक दाता सरकलाय, सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक जाम झालाय, काहीही असेल, पण तो सेन्सर बदलून बरं होणार नाही. नवीन सेन्सर पण तेच सांगणार, कारण तो पण प्रामाणिक निघाला तर काय करणार बिचारा. मी गेजवाला माणूस आहे हे मान्य, पोरं हसतात मला, पण त्या काट्याला कॉम्प्युटरची गरज नसते आणि दुसरं मत घ्यायचं असेल तर ते पहिल्यापेक्षा वेगळ्या डोक्याचं असावं.

वायरीचं बघायचं तर मीटर पुरे. पाच व्होल्ट आहेत का. अर्थ खरंच अर्थ आहे का, म्हणजे इंजिन चालू असताना सेन्सरच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्ट मोजा, ०.१ च्या आत हवेत, जास्त आले तर अर्थ कमजोर आहे आणि सिग्नल तेवढाच वर उचलला जातो. हे दोन्ही ठीक असेल तर सेन्सर काढून सिग्नलच्या वायरीला त्याच कनेक्टरमधले पाच व्होल्ट जोडून बघतात, पी०१०७ चा पी०१०८ झाला तर वायर आणि कॉम्प्युटर दोन्ही जागे आहेत आणि मग खुशाल सेन्सरकडे बोट दाखवा. फक्त बॅटरीचे बारा व्होल्ट तिथे कधी लावू नका, आणि गाडीची वायरिंगची आकृती समोर असल्याशिवाय हे करू नका. जुना टेस्ट लॅम्प तर ह्या वायरींना टेकवायचाच नाही. आणि एक विनंती, वायरीच्या कव्हरला टोचून व्होल्ट बघू नका. टोचलेल्या भोकातून पाणी जातं, वर्षभराने तिथे तांबं हिरवं होतं, आणि तो फॉल्ट शोधायला जे डोकं लागतं त्याचे शिव्याशाप टोचणाऱ्याला लागतात. त्यातले काही माझेच असतात.

रेलच्या प्रेशर सेन्सरबद्दल जास्त लिहीत नाही, तो घरी हात लावायचा विषयच नाही. डिझेलच्या कॉमन रेलमध्ये १६००, २००० बारपर्यंत प्रेशर जातं. इंजिन चालू असताना तिथला नट सैल करणं म्हणजे हात गमावणं, बारीक धार कातडीतून आत जाते आणि वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, तसं झालं तर दुखत नसलं तरी सरळ हॉस्पिटल गाठायचं. स्कॅनरवर आकडा बघा, बस.

आता ऑइल. इथे कृपा करून जागा द्या.

लाल रंगाचा ऑइलच्या कॅनचा दिवा चालत्या गाडीत लागला तर बाजूला घ्यायचं आणि इंजिन बंद करायचं. पुढच्या वळणावर नाही, घरी पोचल्यावर नाही. मग ऑइलची पट्टी काढून बघायची. लोक इथे गल्लत करतात, पट्टीवर ऑइल पूर्ण आहे म्हणजे सेन्सर खराब असं धरून परत चालू करतात. पट्टी ऑइल किती आहे ते सांगते, प्रेशर आहे का ते नाही. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये ऑइल काठोकाठ असेल आणि पंपाची जाळी गाळाने बुजली असेल तर वर बेअरिंगला थेंब पोचत नाही. उलट पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसलं तर जास्तच संशय घ्या, पेट्रोल नाहीतर डिझेल ऑइलमध्ये उतरलेलं असतं, वास घेऊन बघा, ते पातळ झालं की गरम झाल्यावर प्रेशर धरत नाही.

बऱ्याच गाड्यांमध्ये हा सेन्सर म्हणजे साधा स्विच असतो, एकच वायर, ऑइलचं प्रेशर नसताना तो वायरीला बॉडीशी अर्थ करतो आणि दिवा लागतो, प्रेशर आलं की सुटतो आणि दिवा विझतो. म्हणूनच चावी ऑन केल्यावर दिवा लागायलाच हवा आणि इंजिन चालू झाल्यावर दोनतीन सेकंदात जायला हवा. चावी ऑन केल्यावर लागतच नसेल तर खूश होऊ नका, तो दिवा नाहीतर त्याची वायर मेलीय आणि गरजेच्या दिवशी तो लागणार नाही. अशा साध्या स्विचवाल्या गाडीत इंजिन बंद ठेवूनच, चावी ऑन करून वायर काढली तर दिवा विझतो, तरी विझला नाही तर वायर कुठेतरी कव्हर घासून बॉडीला लागलीय, एवढं घरी कळतं. नवीन गाड्यांमध्ये तीन वायरीचा सेन्सर असतो, तिथे हा खेळ चालत नाही. कनेक्टर काढल्यावर आत ऑइल दिसलं तर मात्र सेन्सर गेलाय असं समजा, आतून फुटून ऑइल वायरीतून वर चढायला लागलेलं असतं, मी असं ऑइल वायरीच्या आतून हातभर लांब दुसऱ्या कनेक्टरपर्यंत गेलेलं बघितलंय.

पण शेवटी ऑइलच्या बाबतीत सेन्सर खोटा की प्रेशरच गेलंय हे ठरवायला एकच रस्ता आहे. स्विच काढायचा, त्याच्या जागी मेकॅनिकल गेज लावायचा, इंजिन पूर्ण गरम करायचं आणि आयडलला आणि रेसला आकडा बघायचा. थंड इंजिनवर बघितलेला आकडा कामाचा नाही, थंड ऑइल जाड असतं आणि झिजलेलं इंजिन पण छान प्रेशर दाखवतं. कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा तो खरा, पण ढोबळमानाने दर हजार आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे साधारण ०.७ बार, असा अंदाज जुने मिस्त्री लावत आलेत. गेजवर प्रेशर भरपूर आणि दिवा लागलेला, तर खुशाल स्विच आणि वायर बघा. गेजवर पण नाही, तर दिवा लागला म्हणून देवाचे आभार माना आणि चेंबर उघडा.

हे मी इतक्या तावातावाने लिहितोय त्याला कारण आहे, ते पण सांगून टाकतो. फार पूर्वी, नवीन नवीन असताना, एक गाडी आली, गरम झाली की आयडलला ऑइलचा दिवा मिणमिणायचा, रेस दिली की जायचा. ऑइल पट्टीवर पूर्ण. इंजिनाचा आवाज पण ठीक वाटला, वाटला म्हणजे मला वाटला. गेज माझ्याकडे नव्हता आणि शेजारच्याकडून मागून आणायचा कंटाळा केला, खरं सांगतो. मी म्हटलं स्विच कमजोर झालाय, दुसऱ्या मॉडेलचा मिळाला, आटे जुळत होते, बसवला. दिवा गेला. गिऱ्हाईक खूश, मी खूश. पुढे काही दिवसांनी गाडी टो करून आली, खालून खडखड आवाज, बेअरिंग संपलेली. झालं असं होतं की जुना स्विच बरोबरच होता, प्रेशर त्याच्या मर्यादेच्या काठावर होतं म्हणून दिवा मिणमिणत होता, आणि मी बसवलेला स्विच त्याहून कमी प्रेशरला सुटणारा होता, म्हणजे गाडी ओरडत होती आणि मी तिचं तोंड बंद केलं. हे स्विच दिसायला सारखे असतात, कुठला ०.३ बारला सुटतो, कुठला ०.५ ला, नंबर बघितल्याशिवाय कळत नाही. मालक मला एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं. गेज त्याच आठवड्यात घेतला.

तर संपादक महोदय, त्या वाचकाला दिलेलं उत्तर दुरुस्त करून छापाल का? मॅपबद्दलचं सगळं राहू द्या, तो माणूस गाडी घेऊन कुठल्यातरी गॅरेजला जाईल, फार तर एक चांगला सेन्सर फुकट बदलेल. पण त्याने सांगितलेला सेन्सर ऑइलचा असला तर? निदान एवढं तरी चौकटीत टाका की लाल ऑइल दिवा लागला तर आधी इंजिन बंद, मग बाकीचं. आणि त्या वाचकापर्यंत पोचता येत असेल तर त्याला एवढाच निरोप द्या, कोडचा नंबर काय होता ते कळव आणि तोपर्यंत कुणाला उडवू देऊ नकोस.

आपला,
रोज शेवटच्या पानापासून पेपर वाचणारा एक वायरिंगवाला

ता.क. बाईंच्या पिशवीतले ते दोन मॅप सेन्सर त्या नको म्हणाल्या म्हणून माझ्याकडेच राहिले. एक मी शिकाऊ पोरांना हातपंपाने व्होल्ट कसे उतरतात ते दाखवायला वापरतो. दुसरा गेल्या महिन्यात त्याच मॉडेलच्या एका गाडीत बसवला, तिचा मात्र खरंच गेला होता, पाच व्होल्ट, अर्थ, नळी सगळं बघून मगच बसवला.